सूतभर सरका

डोंबिवलीहून सकाळची जलद गाडी पकडणाऱ्या माणसाला अंतर म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तेव्हा त्याच्या वाट्याला येणारी जागा चार बोटांपेक्षा जास्त नसते. 'जरा सरकून घ्या' म्हटल्यावर तिघेही सरकल्यासारखं करतात. कोण किती सरकलं ते कुणालाच सांगता येणार नाही, पण चौथा बसतो आणि मुंब्रा येईपर्यंत त्याला पेंगही येते. एकतीस वर्षं तो चौथा मी होतो. धडधाकट माणसं फुकटात सरकवलेला मी निवृत्तीनंतर पाव मिलिमीटर सरकण्यासाठी यंत्र विकत घ्यायला निघेन, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी मुकाट्याने पेपरात डोकं खुपसलं असतं. गाडीत वेड्यांशी तसंच वागतात.

त्या यंत्राला फोकसिंग रेल म्हणतात. नाव मोठं आहे, वस्तू साधी. धातूची एक सरकपट्टी, तिच्यावर कॅमेरा बसतो, टोकाला एक मूठ. मूठ फिरवली की कॅमेरा अख्खाच्या अख्खा पुढे जातो, उलटी फिरवली की मागे येतो. झालं. एवढ्यासाठी माणसं जर्मनीहून वस्तू मागवतात.

सुरुवात गॅलरीतल्या एका कोळ्यापासून झाली. जाळं विणणारा नव्हे. हा भिंतीवर, कुंडीच्या काठावर टुणटुण उड्या मारत फिरणारा, केसाळ, करंगळीच्या नखाएवढा. त्याच्याकडे पाहिलं की तो वळून आपल्याकडे बघतो. साठीच्या माणसाकडे इतक्या लक्षपूर्वक हल्ली कोणी बघत नाही, म्हणून मला त्याच्याविषयी ममत्व वाटायला लागलं आणि त्याचा फोटो काढावा म्हणून मी एक जुनी मॅक्रो लेन्स घेतली. मॅक्रो म्हणजे एकास एक. तांदळाचा दाणा घेतला तर त्याचं चित्र आतल्या सेन्सरवरही तांदळाच्या दाण्याएवढंच पडतं. कॅमेऱ्याच्या जगात हे फार मोठं समजतात, कारण एरवी आख्खी माणसं त्या ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीत कोंबलेली असतात.

पण इतकं जवळ गेलं की एक खोड निघते. स्पष्ट दिसणारा थर कागदासारखा पातळ होतो. एकास एकला, एफ ८ वर, तो जेमतेम एक मिलिमीटर भरतो. सुतार ज्याला सूत म्हणतात, म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याचाही तिसरा हिस्सा. कोळ्याचे डोळे धरावेत तर पाय धुक्यात, पाय धरावेत तर डोळे गेले. छिद्र लहान करून थर वाढवावा म्हटलं, तर लेन्सवर लिहिलेलं एफ १६ इतक्या जवळून एफ ३२ सारखं वागतं आणि सगळंच चित्र दुधावरच्या सायीसारखं मऊ पडतं. लेन्सची रिंग फिरवावी, तर फोकसबरोबर किड्याचा आकारही बदलतो. मीठ किती ते बघायला गेलो आणि पातेलंच बदललं, असं काहीतरी. कॅननने तर १९९९ साली एक अशी मॅक्रो लेन्स काढली की तिला फोकसची रिंगच नाही. आहे ती रिंग एकपटीपासून पाचपटीपर्यंत आकार ठरवते. फोकस हवा असेल तर तुम्ही सरका. पाचपटीला लेन्सचं टोक किड्यापासून चार सेंटीमीटरवर येतं. त्या लेन्सवाल्यांनी सरळ सांगून टाकलं, इतकंच. बाकी लेन्सवाल्यांनी ते ग्राहकावर सोडलं.

मग मीच सरकू लागलो. श्वास रोखायचा, कोपरं बरगड्यांना चिकटवायची आणि पाढे म्हणणारी मुलं डोलतात तसं डोलायचं. पुढे जाताना एका क्षणी डोळा चमकतो, तेवढ्यात बटण दाबायचं. शंभरात चार-पाच फोटो बरे येत. "अहो, गॅलरीत उभं राहून कुणाला नमस्कार घालताय?" असं हिने दोनदा विचारलं. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी विचारलं नाही, पण त्यांनी पडदा लावून घेतला.

कोळ्याची मात्र काही तक्रार नव्हती. पुढे त्याच्या डोळ्यांबद्दल वाचलं तेव्हा कारण कळलं. समोरचे दोन मोठे डोळे म्हणजे दोन लांबट नळ्या. भिंग डोक्याच्या कवचातच बसवलेलं, त्यामुळे ते हलत नाही. हलतो तो नळीच्या मागच्या टोकाचा पडदा. त्याच्या पुढची गंमत जपानमधल्या संशोधकांनी २०१२ साली 'सायन्स'मध्ये मांडली. या पडद्यात एकावर एक चार थर असतात. हिरव्या प्रकाशात एका थरावर चित्र नीट पडतं, पण त्याच्या शेजारच्या थरावर नेहमी धूसरच पडतं, आणि ते किती धूसर आहे त्यावरून कोळी भक्ष्याचं अंतर ओळखतो. नुसत्या लाल उजेडात ठेवल्यावर त्याचं गणित चुकलं आणि उडी तोकडी पडली. म्हणजे ज्या धूसरपणापायी मी पेन्शन खर्च करायला निघालो होतो, त्याच्यावर हा गृहस्थ पोट भरत होता.

तरी निघालोच.

रेल निवडणं म्हणजे काय, याचा मला आधी अंदाज नव्हता. पट्टी ती पट्टी. पण रात्री जेवणं झाल्यावर संगणकासमोर बसलो की एकेक फाटा फुटायचा. एकाच दिशेची घ्यायची की डावी-उजवीही सरकणारी, म्हणजे एकावर एक दोन बसवलेली? दात्यांच्या पट्टीवर चाक फिरणारी की लांब स्क्रूवर चालणारी? खाली साधा पाव इंची स्क्रू चालेल, की आर्का पद्धतीची तिरक्या कडांची पकड हवी? काहींना एक बटण असतं, दाबलं की स्क्रू सुटतो आणि कॅमेरा सर्रकन हवा तिथे नेता येतो. मग बटण सोडून बारीक काम. नोव्होफ्लेक्सच्या जर्मन रेल पाहिल्या, दागिन्यांसारख्या दिसल्या, किंमत रुपयांत करून पाहिली आणि दागिनेच घेतले तर घरात शांतता तरी राहील असं वाटलं. अमेरिकेतली स्टॅकशॉट मोटारीवर चालते. किती पावलं, पाऊल केवढं, ते सांगून आपण झोपायला जायचं. मुलगी मागून बघत होती. म्हणाली, "बाबा, हे आता कॅमेऱ्यातच असतं. मेनूत जाऊन आकडा टाकायचा." ते खरं होतं. निकॉनच्या २०१७ सालच्या डी८५० मध्ये एका बटणावर तीनशेपर्यंत फोटो फोकस बदलत बदलत निघतात. पण माझा कॅमेरा त्याच्या आधीचा, आणि कॅमेरा बदलण्यापेक्षा पट्टी स्वस्त, असं मी तिला पटवलं. अशाच हिशेबांवर हा छंद जगतो.

या सगळ्या खटाटोपाचा मूळपुरुष मला याच काळात भेटला. सतराव्या शतकातला डेल्फ्टचा लेवेनहुक. धंदा कापडाचा. त्या काळी कापडवाले सूत तपासायला भिंग वापरत. याने स्वतःच भिंगं घासली आणि तळहातात मावेल एवढ्या धातूच्या पत्र्यात एक बारीक भिंग बसवलं. भिंग पक्कं. त्याच्यासमोर एक सुई, सुईच्या टोकावर बघायची वस्तू, आणि सुई पुढेमागे, वरखाली करायला स्क्रू. ही रेलच झाली की! फक्त त्याने कॅमेऱ्याऐवजी किडा सरकवला. त्या स्क्रूच्या जोरावर तो पावसाच्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांपर्यंत पोचला. सुतावरून स्वर्ग गाठणं आपल्याकडे टोमणा म्हणून वापरतात. या कापडवाल्याने ते शब्दशः केलं.

मी मात्र घाई केली. एका बऱ्या चपलेच्या किमतीत मिळाली म्हणून चारी दिशांना सरकणारी एक रेल घरपोच मागवली. खोकं उघडलं तेव्हा काळी, चकचकीत, चार मुठींची अशी ती दिसली की देव्हाऱ्यात ठेवावी. दुसऱ्या दिवसापासून तिचे गुण दिसू लागले. कॅमेरा खाली वाकवला की ती आपणहून उतरणीला लागे. मूठ फिरवताना पहिला पाव फेरा काहीच घडत नसे, मग एकदम उडी. आणि आवळून पक्की करावी तर आवळण्यानेच कॅमेरा केसभर वर उचलला जाई; इतका वेळ धरलेला डोळा चौकटीच्या बाहेर. दोन दिशांना सरकते म्हणून घेतली, तर खोड्याही दुप्पट निघाल्या.

तीच घेऊन सप्टेंबरात कासला गेलो, ही त्याच्यावरची कडी. पठारावर पाण्याच्या कडेला दवबिंदू नावाची इवलीशी कीटकभक्षी वनस्पती असते. पानांवर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. तो थेंब मला हवा होता. गुडघ्याखाली प्लास्टिकची पिशवी, तिपाई जमिनीसपाट, रेल तिच्यावर, आणि मी चिखलात आडवा. मूठ मोठ्या जपून फिरवतोय तोवर वारा आला. रेल हलली असेल अर्धा मिलिमीटर. दवबिंदू हलला दोन सूत. शेजारच्या 'सीतेची आसवं' नावाच्या फुलांनी तर माना डोलवायला सुरुवात केली. एक शाळकरी मुलगा बराच वेळ बघत होता. "काका, ते हलत नसताना काढा ना," म्हणाला. उघड्यावर, वाऱ्यात, जिवंत वस्तूसमोर रेलचा उपयोग फार थोडा, हे शहाणपण मला त्या पोराने फुकट दिलं. तिथे आपलं डोलणंच बरं. रेल ही बंद खोलीत, न हलणाऱ्या वस्तूसाठी, चिकाटीच्या माणसाने वापरायची गोष्ट.

चिकाटीचा माणूस आमच्या नात्यात होता. हिचे मामा. कुर्ल्याच्या एका कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं लेथ चालवली. मे महिन्यात ते आठ दिवस राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची नजर टेबलावरच्या रेलवर गेली.

"हे क्रॉस स्लाइड कुठलं आणलंत?"

"क्रॉस स्लाइड नाही मामा, फोकसिंग रेल."

"नाव काही ठेवा." त्यांनी ती उचलली, चष्मा कपाळावर चढवला. डाव्या हाताचा अंगठा अर्धा पट्टीवर, अर्धा सरकत्या ठोकळ्यावर ठेवला आणि उजव्या हाताने मूठ फिरवायला लागले. "बघा हं. मी फिरवतोय. काही हललं?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता?"

"हं, आता हललं."

"मग मधला पाव फेरा कुणाच्या खात्यात गेला?" ते खूश झाले होते. "प्ले आहे. दाते आणि चाक यांच्यामध्ये फट आहे. दिशा बदलली की आधी ती फट भरते, मग माल हलतो. आणि हा ठोकळा बाजूनेही डुलतोय. आमच्याकडे असं मशीन आलं असतं तर फोरमनने परत पाठवलं असतं." मग जरा थांबून, जावई दुखावेल या भीतीने, "पण रंग छान दिलाय."

त्या आठवड्यात मला कळलं की मी रेलविषयी जे महिनाभर वाचत होतो, ते मामांच्या हाताला आधीच माहीत होतं. त्यांचं माप थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरचा साधारण चाळिसावा. त्यांनी विचारलं, तुमचा स्पष्ट थर केवढा? दुप्पट आकाराला, एफ ५.६ वर, पाव मिलिमीटर, मी म्हटलं. "म्हणजे दहा थाऊ. मग एका वेळी सहा थाऊच सरकायचं. थर एकमेकांवर चढले पाहिजेत, कौलं घालतात तसे." फोकस स्टॅकिंग म्हणतात ते हेच. एकाच वस्तूचे थराथराने फोटो काढायचे आणि हेलिकॉन किंवा झिरीनसारख्या प्रणालीने प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एक चित्र जोडायचं. लेव्हॉन बिस नावाच्या ब्रिटिश छायाचित्रकाराने ऑक्सफर्डच्या संग्रहालयातले कीटक असे टिपले आहेत, एकेका किड्यासाठी आठ ते दहा हजार फोटो आणि दोन फोटोंमध्ये दहा मायक्रॉनचं पाऊल. मामांना ते सांगितलं. त्यांनी मनात भागाकार केला. "अर्ध्या थाऊच्याही आत," म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

शनिवारी आम्ही फोर्टात बोरा बाजारात गेलो. दुकानदाराने काचेवर तीन रेल मांडल्या. दात्यांची मामांनी हातही न लावता बाजूला सारली. दोन दिशांची उचलून खाली ठेवली. "जॉब केवढा, सहा मिलिमीटर. त्याला दोन गाड्या कशाला जोडायच्या?" उरली स्क्रूवरची, एका फेऱ्याला एक मिलिमीटर चालणारी. ती त्यांना पटली, पण त्यांनी दुकानदाराला म्हटलं, "अशाच आणखी दोन काढा." तिन्ही एकाच कंपनीच्या, एकाच पेटीतून आलेल्या, नंबर सोडला तर काही फरक नाही. मामांनी डोळे मिटले आणि एकेकीची मूठ इकडून तिकडे, तिकडून इकडे अशी पाच-पाच मिनिटं फिरवली. मागे गिऱ्हाईक ताटकळत होतं. शेवटी तिसरी माझ्या हातात दिली. "ही." का ते सांगेनात. मी फिरवून पाहिली. मला तिन्ही सारख्याच वाटल्या. इतक्या रात्री मी जी तुलना करत बसलो होतो, तिच्यात वजन होतं, लांबी होती, किती किलो पेलते तेही होतं. ही तिसरी का, याचा रकाना कुठेच नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी ॲलन की मागून घेतली, कडेचे दोन ग्रब स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळले, ठोकळ्याचं डुलणं थांबवलं. मग एका पोस्टकार्डाची चकती कापून मुठीमागे डकवली आणि तिच्यावर पेन्सिलीने वीस घरं आखली. एक घर म्हणजे दोन थाऊ. तीन घरं गेली की फोटो.

जॉबही मिळाला होता. खिडकीत मरून पडलेली सातेरी मधमाशी. टाचणीच्या टोकावर ती बसवली, मागे निळा पुठ्ठा, दोन्ही बाजूंना ट्रेसिंग पेपर आणि त्याच्याआड टेबललॅम्प. मधमाशीच्या डोळ्यांवर केस असतात हे मी वाचलं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून पाहिलं तेव्हा दिसले. षटकोनी बारीक फरशी आणि फरशीच्या सांध्यासांध्यांतून उगवलेलं गवत. मामा खुर्ची ओढून जवळ आले. त्यांनी बोट लावलं नाही, पण हात मात्र मागे पाठीशी बांधून घेतला, कारखान्यात साहेब येत तेव्हा बांधत असावेत तसा.

मिशांच्या टोकापासून पंखांच्या मुळापर्यंत सहा मिलिमीटर. चाळीस फोटो. रात्रीचे अकरा, मे महिना, दारं-खिडक्या बंद आणि पंखा बंद, कारण पंख्याच्या वाऱ्याने मधमाशीचा पंख थरथरे. सात-आठ फोटोंनंतर मामांच्या बोलण्यातला फरक माझ्या लक्षात आला. पंचवीस वर्षं त्यांनी मला 'अहो जावईबापू' शिवाय हाक मारली नव्हती. आता ते म्हणत होते, "हात हलका ठेव. टेकू नकोस टेबलाला. तीन घरं, पुढे जाऊ नकोस. थांब, थरथर जिरू दे. घे." मी एखाद्या नव्या पोरासारखा "हो" म्हणत होतो. घाम नाकाच्या शेंड्यावरून कॅमेऱ्यावर पडू नये म्हणून मान तिरकी धरली होती. बारा. तेरा. डोळ्याचा फुगवटा सुरू झाला. एकवीस. तिसावा झाला तेव्हा मामांनी शर्टाची बटणं सोडली. छत्तीस. सदतीस.

"अहो, काय हे, माणसं आहात की पापड?" ही दार उघडून आत आली, हातात पन्ह्याचे दोन पेले, आणि सवयीने कोपराने पंख्याचं बटण दाबलं.

पडद्यावर मधमाशीने पंख उचलला. अगदी जिवंतपणी उचलावा तसा. मग ती टाचणीवर सावकाश अर्धी वळली आणि आमच्याकडे पाठ करून राहिली.

कोणी काही बोललं नाही. हिने पंखा बंद केला, पेले स्टुलावर ठेवले आणि तीही तिसरी खुर्ची ओढून बसली. मी मामांकडे बघायचं टाळून मूठ उलटी फिरवायला घेतली, सदतीस, छत्तीस, पस्तीस असं मनात मोजत, आणि चकतीवरच्या शून्याशी आणून थांबलो.

"तिथे नाही," मामा म्हणाले. "प्ले विसरलास. शून्याच्या मागे ने. अजून मागे. हं. आता पुढे येत येत शून्यावर ये."